परदेशी गुप्तचरांची मदत घ्यायची, पण कुणाच्या अटींवर? (हेडली, राणा आणि मुंबई पोलीस)

भायखळाकर

१० एप्रिल २०२५ला २६/११च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला घेऊन विमान दिल्लीत उतरलं, तेव्हा वाहिन्यांवर दिवसभर जल्लोष चालला होता. मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न छळतोय. राणाला शिकागोत अटक झाली ऑक्टोबर २००९मध्ये. म्हणजे हल्ल्याला वर्ष पुरं व्हायच्या आतच तो तिथल्या पोलिसांच्या ताब्यात होता. मग ज्या शहरात १६६ माणसं मारली गेली, त्या शहराच्या पोलिसांना त्याच्यासमोर बसायला साडेपंधरा वर्षं का लागली?

आणि राणा निदान मिळाला तरी. हेडली मिळालेला नाही, मिळणारही नाही.

तपशील विसरले असतील त्यांच्यासाठी थोडक्यात. डेव्हिड कोलमन हेडली म्हणजे मूळचा दाऊद गिलानी. आई अमेरिकन, वडील पाकिस्तानी. हेरॉइनच्या प्रकरणात पकडला गेल्यावर तो अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा, म्हणजे डीईएचा खबऱ्या झाला. पुढे लष्कर-ए-तैयबाच्या छावण्यांत प्रशिक्षण घेऊन आला. २००६मध्ये फिलाडेल्फियात रीतसर नाव बदललं आणि नव्या नावाच्या अमेरिकन पासपोर्टवर सप्टेंबर २००६ ते जुलै २००८ या काळात पाच वेळा मुंबईत येऊन गेला. ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये राणाच्या शिकागोतल्या कंपनीची शाखा म्हणून इमिग्रेशनचं ऑफिस थाटलं. ताजचं आतून-बाहेरून चित्रीकरण केलं, बोटीतून फिरून किनाऱ्यावर उतरायच्या जागा पाहिल्या आणि जीपीएसवर नोंदवून घेतल्या. हल्ला झाल्यावर मार्च २००९मध्ये हाच माणूस पुन्हा भारतात आला, आणखी ठिकाणं पाहून गेला, आणि आपल्याला पत्ता लागला नाही.

आता ज्या भागाने माझा संताप होतो तो सांगतो. त्याच्या दोन बायकांनी वेगवेगळ्या वेळी अमेरिकन अधिकाऱ्यांना त्याच्याबद्दल सावध केलं होतं. एकीने २००५मध्ये न्यूयॉर्कला, दुसरीने हल्ल्याच्या आदल्या वर्षात इस्लामाबादच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन. नवऱ्याबरोबर ताजमध्ये राहिल्याचे फोटोसुद्धा आपण दाखवले होते, असं या दुसरीने नंतर पत्रकारांना सांगितलं. माहिती पुरेशी नेमकी नव्हती, असं अमेरिकेचं म्हणणं. नसेलही. पण त्या कागदातली एक ओळ ताडदेव पोलीस ठाण्यात पोहोचली असती तर एखादा हवालदार त्या ऑफिसात जाऊन 'इथे काम काय चालतं' एवढं तरी विचारून आला असता. ऑफिस नावाला होतं, धंदा काहीच होत नव्हता. दोन फेऱ्यांत लक्षात आलं असतं.

आणि मग १८ मार्च २०१०. शिकागोतल्या सरकारी वकिलांनी हेडलीशी कबुलीचा करार केला. फाशी मागणार नाही. भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्कच्या हवाली करणार नाही. बदल्यात त्याने तोंड उघडायचं. आपल्या माणसांच्या खुन्याला कोणती शिक्षा होऊ शकत नाही, हे आपल्याला खोलीत न घेता ठरलं. एनआयएच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, पथकाला त्याच्याशी बोलायला मिळालं जूनमध्ये. सात दिवसांत मिळून ३४ तास.

माझं म्हणणं सरळ आहे. परदेशी यंत्रणांशी सहकार्य हवंच. पण ते लेखी हवं, बंधनकारक हवं. ज्या गुन्ह्यात आपली माणसं मेली त्यातल्या आरोपीशी सौदा करण्याआधी आपलं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. चौकशीला किती दिवसांत बसता येईल याची मुदत ठरलेली हवी. आणि ज्या पोलिसांनी एफआयआर लिहिला, त्यांचा एक अधिकारी त्या टेबलावर असलाच पाहिजे. गुन्हा मुंबईत, पंचनामे मुंबई पोलिसांचे, तुकाराम ओंबळेंनी गिरगाव चौपाटीवर अंगावर गोळ्या झेलून पकडलेला कसाबही मुंबई पोलिसांचा. मग त्याच कटातल्या माणसाला प्रश्न विचारताना मुंबई पोलीस बाहेर का?

फौजदारी

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. एफबीआयकडे गुप्तचरांचं कामही आहे, पण मुळात ती तपास करणारी, कोर्टात उभी राहणारी यंत्रणा आहे. डीईएचे खबरे आणि सीआयएचे इशारे हा वेगळा कारभार. पहिलीशी आपलं सहकार्य कसं झालं ते पाहायचं तर कसाबचा खटला बघा.

आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश ताहिलियानींसमोर हा खटला चालला. एकटा कसाबचा कबुलीजबाब त्याच्यापुरता पुरला असता. पण कट पाकिस्तानात शिजला हे सिद्ध करायचं होतं आणि तो कबुलीजबाब त्याने मध्येच फिरवलाही होता. तिथे उपयोगी पडल्या त्या निर्जीव वस्तू. 'कुबेर' ट्रॉलरवर आणि मेलेल्या अतिरेक्यांजवळ सापडलेले जीपीएस संच: त्यातून कराचीच्या बाजूने मुंबईपर्यंतच्या वाटेचे टप्पे निघाले, ते एफबीआयच्या तज्ज्ञांनी काढून दिले. हल्ला चालू असताना पलीकडून जे फोन येत होते ते इंटरनेटवरून, न्यू जर्सीतल्या कॉलफोनेक्स नावाच्या कंपनीच्या खात्यातून. त्या कंपनीच्या नोंदी आपला तपास अधिकारी कुठून आणणार होता? बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत जी रबरी होडी लागली, तिच्या यामाहा इंजिनाच्या क्रमांकावरून ते इंजिन पाकिस्तानातल्या कंपनीला विकलं गेल्याचं निघालं. एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी या न्यायालयात साक्षी दिल्या, त्या कायद्याच्या कसोटीला उतरल्या आणि फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली.

आता हेडली. तो शिकागोत अटकेत होता, गप्प बसण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. करार झाला नसता तर तो बोललाच नसता. याच करारात एक कलम आहे जे तुमच्या लेखातून सुटलं: परदेशी न्यायालयासमोर व्हिडिओवरून साक्ष द्यायला तो बांधील राहील. त्यामुळेच फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात पडदा लावून, अमेरिकेतल्या रात्रीशी जमवून घ्यायला सकाळी सातच्या सुमाराला कामकाज सुरू करून, सरकारी वकील उज्ज्वल निकमांनी त्याची साक्ष नोंदवली. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं की २६/११च्या आधी दोन प्रयत्न फसले होते, त्यातल्या एकात होडी खडकावर आपटली होती. मार्चमध्ये याच हल्ल्यातला दुसरा आरोपी अबू जुंदाल याच्या वकिलांनी त्याची उलटतपासणीही घेतली.

आणखी एक. 'सौदा' म्हणून आपण अमेरिकेकडे बोट दाखवतो, पण १० डिसेंबर २०१५ला आपल्याच न्यायालयाने हेडलीला माफीचा साक्षीदार केलं. सरकार पक्षाच्या संमतीने. कट उलगडायचा तर कटातल्या माणसाला काहीतरी द्यावं लागतं, हे आपला कायदाही मानतो.

भायखळाकर

फौजदारी, कसाबच्या खटल्यातली मदत मी नाकारत नाही. पण ती मदत हल्ल्यानंतरची आहे, आणि मेलेल्यांत सहा अमेरिकन होते. त्यांचाही तो गुन्हा होता, म्हणून त्यांची यंत्रणा धावली. माझा प्रश्न आधीच्या तीन वर्षांचा आहे.

आणि माफीच्या साक्षीदाराबद्दल: २०१५मध्ये आपल्यापुढे पर्याय काय होता? प्रत्यार्पणाची वाट पाच वर्षांपूर्वीच बंद झालेली. त्याला ३५ वर्षांची शिक्षा २०१३मध्येच सुनावलेली. अशा वेळी न्यायालयाने जे पदरात पडतं ते घेतलं. त्याला आपली संमती म्हणू नका.

मुळामुठा

मी कोरेगाव पार्कात वाढले, त्यामुळे या धाग्यात मला वेगळंच म्हणायचं आहे. परदेशातून माहिती येत नाही हे अर्धंच खरं. आली तरी आपण तिचं काय करतो?

हेडलीने पुण्यातही मुक्काम केला होता. ऑक्टोबर २००९मध्ये तो पकडला गेल्यावर ओशो आश्रम आणि छाबड हाऊस हे ज्यूंचं केंद्र, ही त्याने पाहून ठेवलेली ठिकाणं आहेत हे कळलं, पुणे पोलिसांना सावध केलं गेलं. तिथे बंदोबस्त लागला, ये-जा करताना आम्हाला दिसायचा. १३ फेब्रुवारी २०१०ला, शनिवारी संध्याकाळी, स्फोट झाला तो या दोन्हींपासून हाकेच्या अंतरावर, जर्मन बेकरीत. १७ माणसं गेली. बहुतेक पंचविशीतली. हेडलीची टेहळणी आणि हा स्फोट यांचा संबंध न्यायालयात सिद्ध झाला असं मी म्हणत नाही. पण ज्या परिसराबद्दल इशारा होता त्याच परिसरात तो झाला. यादीत दोन नावं होती म्हणून दोन दारांवर पोलीस उभे राहिले, आणि परदेशी पोरांनी भरलेली मधली बेकरी तशीच उघडी राहिली.

ताजचंही तेच. २००८मध्ये समुद्रमार्गे मुंबईवर हल्ल्याचे इशारे होते, काही अमेरिकेकडून आलेले. हॉटेलला इशारा मिळाला होता आणि काही काळ सुरक्षा वाढवली होती, हे खुद्द रतन टाटांनी हल्ल्यानंतरच्या मुलाखतीत सांगितलं. नोव्हेंबरपर्यंत ती सैल झाली होती.

भायखळाकर, तुमच्या त्या एका ओळीने ताडदेवचा हवालदार खरंच गेला असता याची मला खात्री नाही. गोरा माणूस, अमेरिकन पासपोर्ट, इंग्रजी फाडफाड. चहा पिऊन परत आला असता.

भायखळाकर

हवालदाराबद्दल असं बोलू नका. २६/११ला लाठ्या आणि थ्री-नॉट-थ्री घेऊन तेच उभे राहिले होते.

मुळामुठा

त्यांच्या शौर्याबद्दल शंका नाही, आणि चूक त्या हवालदाराची म्हणतही नाही. वरून 'चौकशी करा' असा एक ओळीचा कागद येतो, का आणि कशाबद्दल हे सांगत नाहीत, आणि मग त्याच्याकडून शोध लागावा अशी अपेक्षा करतात. सहकार्याचा करार कितीही चांगला केला तरी दिल्ली ते पोलीस ठाणं हा शेवटचा टप्पा तसाच राहिला तर उपयोग नाही, एवढंच म्हणायचं आहे.

मेघा_टोरांटो

इथे सगळे 'आपल्याला माहिती मिळाली पाहिजे' असंच बोलताहेत. आपले पोलीस दुसऱ्यांना काय देतात, यावरही कुणीतरी बोलायला हवं. मी कॅनडात राहते, आणि इथे हा विषय निघाला की एकच नाव पुढे येतं: माहेर अरार.

सीरियात जन्मलेला, कॅनडाचा नागरिक, इंजिनिअर. दुसऱ्याच एका माणसावर पाळत असताना कॅनडाच्या पोलिसांच्या, म्हणजे आरसीएमपीच्या, नजरेत आला. त्यांनी तपासाच्या फायलीच्या फायली अमेरिकनांना देऊन टाकल्या. माहिती पडताळलेली नव्हती, ती कशी वापरायची यावर अटी घातल्या नव्हत्या. अरार आणि त्याच्या बायकोचा उल्लेख अल-कायदाशी संबंधाचा संशय असलेले इस्लामी अतिरेकी असा केला होता, आणि त्याला कसलाही आधार नव्हता. सप्टेंबर २००२मध्ये सुट्टीवरून घरी परतताना न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्याला धरलं आणि कॅनडाला न पाठवता जॉर्डनमार्गे सीरियात नेऊन सोडलं. तिथे जवळजवळ वर्षभर कोठडी, केबलने मार. २००६मध्ये न्यायमूर्ती ओकॉनर यांच्या आयोगाने त्याच्याविरुद्ध काहीही पुरावा नाही असा स्पष्ट निष्कर्ष दिला. आरसीएमपीच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं, पंतप्रधानांनी माफी मागितली आणि एक कोटी पाच लाख डॉलर भरपाई दिली.

इथल्या पोलिसांनी सदिच्छेनेच केलं असेल. ११ सप्टेंबरनंतरचे दिवस होते, शेजाऱ्याला सगळं द्यायचं असा वरूनच कल होता. पण एकदा माहिती सीमेपलीकडे गेली की तिच्यावर तुमचा ताबा राहत नाही. आपल्याकडे संशयितांच्या याद्या कशा तयार होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मालेगावातली पोरं वर्षानुवर्षं तुरुंगात राहून २०१६मध्ये आरोपमुक्त झाली. २००६च्या त्या बॉम्बस्फोटातले आरोपी म्हणून त्यांची नावं तेव्हा कुठल्या परदेशी यंत्रणेच्या यादीत गेली असती, तर ती तिथून पुसायला कोण जाणार होतं?

म्हणून भायखळाकर, लेखी हवं याला माझा पाठिंबा आहे. पण पहिलं कलम हे हवं: दिलेली माहिती कशासाठी वापरता येईल, कशासाठी नाही, आणि ती चुकीची निघाली तर मागे कशी घ्यायची.

साध्यावेशात

बरीच वर्षं स्पेशल ब्रँचला काढली आहेत, आता घरी असतो. कुठल्या प्रकरणात काय केलं ते लिहिणार नाही, विचारूही नका.

लेखी, मुदतबंद, बंधनकारक हे सगळं वाचायला छान वाटतं. पण गुप्त माहिती अशी येत नाही. ती एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे येते, आणि ती येते तेव्हा 'हे मी दिलं नाही' ही अट असते. जगातल्या प्रत्येक यंत्रणेचा हा नियम आहे: ज्याने माहिती दिली त्याच्या परवानगीशिवाय ती तिसऱ्याला द्यायची नाही, कोर्टात तर नाहीच. तुम्ही हा नियम मोडलात की पुढची माहिती बंद. मेघाताईंनी सांगितलेल्या अटी लावल्यात तर समोरचा अधिकारी फोनच उचलणार नाही.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही जाहीर आहेत. गेवराईचा झबीउद्दीन अन्सारी, म्हणजे अबू जुंदाल. २६/११ला कराचीतल्या नियंत्रण कक्षातून बोलणाऱ्यांत त्याचा आवाज होता, असा तपास यंत्रणांचा आरोप. सौदीत तो पाकिस्तानी पासपोर्टवर, दुसऱ्या नावाने राहत होता. पाकिस्तानने तो आपला नागरिक म्हणून मागितला. बीड जिल्ह्यातल्या त्याच्या घरच्यांचे डीएनए नमुने जुळले आणि जून २०१२मध्ये सौदीने त्याला विमानात बसवून दिल्लीला पाठवलं. भारत-सौदी प्रत्यार्पण करार तेव्हा होता, पण त्या वाटेने गेलो असतो तर राणासारखीच दीड दशकं गेली असती. हद्दपार करून पाठवलं, मोकळे झाले.

दुसरं, डिसेंबर २००९. बांगलादेशात सरकार बदललं आणि आसामातल्या उल्फा या फुटीर संघटनेचा अध्यक्ष अरबिंद राजखोवा मेघालयच्या सीमेवर आपल्या हातात आला. तेव्हा बांगलादेशशी प्रत्यार्पण करारच नव्हता, तो झाला २०१३मध्ये. कागदावर काय लिहिलं होतं? सीमेवर येऊन सुरक्षा दलाच्या स्वाधीन झाला. काम झालं की नाही?

फौजदारी

झालं. आणि हेच मला घाबरवतं, साहेब.

वर मी भायखळाकरांशी भांडलो, पण तुमच्याशी जास्त भांडायला हवं. अशा वाटेने आणलेल्या माणसाला न्यायालयात उभं केलं की पहिला प्रश्न येतो: हा तुमच्या ताब्यात कसा आला? तिथे 'आला' एवढं उत्तर चालत नाही.

आणि परक्या देशाला दिलेला शब्द लेखी असला की त्याचं वजन किती असतं, ते अबू सालेमच्या बाबतीत पाहा. नोव्हेंबर २००५मध्ये पोर्तुगालने त्याला दिलं ते आपल्या सरकारच्या लेखी हमीवर: फाशी नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. नंतर आपण त्याच्यावर जास्तीची कलमं लावली तर लिस्बनच्या न्यायालयाने हमी मोडली म्हणून २०११मध्ये प्रत्यार्पणच रद्द ठरवलं. शेवटी २०२२च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २५ वर्षं झाल्यावर शब्द पाळणं केंद्र सरकारवर बंधनकारक आहे. मुंबईच्या १९९३च्या स्फोटातल्या आरोपीच्या बाबतीत हे पचवणं अवघड गेलं, मलाही गेलं. पण पुढच्या प्रत्येक देशासमोर आपण उभे राहतो ते याच विश्वासावर. राणाच्या वकिलांनी अमेरिकेत शेवटपर्यंत अडवून पाहिलं. एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हा त्यांचा मुख्य मुद्दा. तिथल्या ज्यूरीने २०११मध्ये मुंबईच्या आरोपातून त्याला सोडलं होतं, म्हणजे मुद्दा पोकळ नव्हता. तरी तो फेटाळला गेला, कारण आपल्या आरोपपत्रातले गुन्हे, त्यात खोट्या कागदपत्रांचाही आला, वेगळे आहेत हे १९९७च्या भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारातल्या शब्दांवर पटवून देता आलं. तोंडी मैत्रीवर हे झालं नसतं.

सह्यकडा

मला ही सगळी चर्चाच चुकीच्या पायावर वाटते. अमेरिका, सौदी ठीक आहे. पण शेजाऱ्याशी? पठाणकोट आठवतंय का? जानेवारी २०१६मध्ये हवाई तळावर हल्ला, आणि मार्चमध्ये आपण पाकिस्तानच्या तपास पथकाला त्याच तळावर बोलावलं. त्या पथकात आयएसआयचा अधिकारी होता! ज्यांच्यावर संशय त्यांनाच घटनास्थळ दाखवलं. बदल्यात एनआयएला तिकडे पाऊल ठेवू दिलं नाही. अशांशी सहकार्य म्हणजे आपली गुपितं आपणच देणं. करार लेखी असो की तोंडी, शत्रूशी नको.

फौजदारी

सह्यकडा, पठाणकोटचा राग मला कळतो. पण २६/११चे सूत्रधार पाकिस्तानात आहेत, आणि त्यांच्यावर खटला तिथल्याच न्यायालयात चालू शकतो. मग पुरावा तिथे पोहोचवायचा कसा?

हे करून पाहिलेलं आहे. मार्च २०१२मध्ये पाकिस्तानचा न्यायिक आयोग मुंबईत आला. कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकारी, तपास अधिकारी रमेश महाले आणि शवविच्छेदन करणारे दोन डॉक्टर यांचे जबाब झाले. आधी ठरल्याप्रमाणे उलटतपासणीला परवानगी नव्हती. रावळपिंडीच्या न्यायालयाने जुलैत ते जबाब बेकायदा ठरवून बाजूला केले. उलटतपासणी नाही तर पुरावा नाही, हे आपलं कुठलंही न्यायालय म्हटलं असतं. २०१३च्या सप्टेंबरमध्ये आयोग पुन्हा आला, तेव्हा उलटतपासणी झाली. म्हणजे ठरवताना एक गोष्ट सोडली आणि दीड वर्ष गेलं. त्यांना खटला चालवायचाच नव्हता, हे खरं असेल. पण नकार द्यायला निमित्त आपणच दिलं.

साध्यावेशात

फौजदारी, तुमचं काम कोर्टाचं, माझं स्फोट होऊ न देण्याचं होतं. ताबा कसा मिळाला हा प्रश्न तुमच्याकडे पाच वर्षांनी येतो, माझ्याकडे दोन तास असतात. दोन्हींसाठी एकच करार करू नका एवढं ऐका. पुरावा हवा तेव्हा कागद. परदेशी विनंतिपत्राची ती वाट आहेच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६६-अ, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ११२. न्यायालयाकडून गृहमंत्रालय, तिथून परराष्ट्र खातं, तिथून समोरचा देश. तेवढ्यात माणूस देश बदलतो, पण पुरावा पक्का येतो. इशारा हवा तेव्हा मात्र फोन. आणि त्या फोनवर अमुक अधिकारी अमुकशी काय बोलला याची नोंद आपल्या आतल्या आत, वरिष्ठाकडे राहू दे. बाहेरच्याला दाखवायची गरज नाही.

राज्याच्या पोलिसांना थेट परदेशी यंत्रणांशी बोलू द्यावं, असं भायखळाकर सुचवत असतील तर त्याला माझा विरोध आहे. अठ्ठावीस राज्यांचे पोलीस आपापल्या वकिलाती उघडून बसतील. एकाचा खबऱ्या दुसऱ्याचा आरोपी निघेल. दिल्लीची एक खिडकी हवीच. जानेवारी २०२५मध्ये सीबीआयने भारतपोल सुरू केलं, आता जिल्ह्याचा अधीक्षकही इंटरपोलची विनंती त्यावरून पाठवू शकतो. खिडकी तीच, रांग कमी.

भायखळाकर

थेट बोलू द्या असं मी म्हटलेलं नाही. टेबलावर एक खुर्ची द्या म्हटलंय. एप्रिल २०२५मध्ये राणा एनआयएच्या कोठडीत असताना मुंबई गुन्हे शाखेच्या पथकाने दिल्लीला जाऊन त्याला आठेक तास प्रश्न विचारले. नोव्हेंबर २००८मध्ये, हल्ल्याच्या काही दिवस आधी, तो मुंबईत येऊन गेला होता. कुठे उतरला, कुणाला भेटला, हे या शहराच्या गल्ल्या माहीत असलेलाच नीट विचारू शकतो. जून २०१०मध्ये शिकागोला जे ३४ तास मिळाले, तिथे एनआयएबरोबर असा एक अधिकारी का नव्हता? त्यात कोणाचं गुपित फुटणार होतं?

फोन आणि कागद वेगळे ठेवा, हे मान्य. पण फोनवर मिळालेल्या इशाऱ्याची नोंद फक्त वरिष्ठाकडे राहिली तर मुळामुठा म्हणतात तेच होणार. हल्ला झाल्यावर प्रत्येक जण म्हणणार, मी वर कळवलं होतं. ही नोंद तपासायला बाहेरची कोणी तरी, निवृत्त न्यायाधीशाची असो, समिती हवी. २६/११ला पोलिसांनी काय केलं हे तपासणाऱ्या प्रधान समितीचा अहवालही किती दिवस दडवून ठेवला होता ते आठवा.

साध्यावेशात

समितीचं पाहू. पण एक विचारतो, प्रामाणिक उत्तर द्या. तुम्ही अमेरिकेकडून जे मागताय तेच अमेरिका आपल्याकडे मागेल. ऑक्टोबर २०२४मध्ये त्यांच्या न्याय खात्याने न्यूयॉर्कमधल्या खलिस्तानवाद्याच्या हत्येच्या कटात आपल्या एका माजी सरकारी कर्मचाऱ्यावर आरोप ठेवले आहेत. उद्या एफबीआयचं पथक म्हणालं, दिल्लीत बसून आम्हाला त्याला ३४ तास विचारायचंय, न्यूयॉर्कचा एक स्थानिक पोलीसही बरोबर असेल, मुदत नव्वद दिवस, तर तुम्ही सही कराल?

भायखळाकर

हो, करेन. आरोप खोटा असेल तर त्या ३४ तासांत तो खोटा ठरायला मदतच होईल. खरा असेल तर तो माणूस माझ्या नावाने तसं करत होता का, हे मला नागरिक म्हणून कळायला हवं. ताडदेवच्या ऑफिसाचा हिशोब मागायचा आणि आपल्या दाराशी आलं की दार लावून घ्यायचं, हे मला जमणार नाही.

साध्यावेशात

मी नाही करणार. तो दोषी की निर्दोष हा मुद्दाच नाही. त्याच्या डोक्यात आणखी दहा जणांची नावं असतील, आणि त्यातले काही आज या क्षणी कुठेतरी सीमेपलीकडे बसलेले असतील. ती नावं मी न्यायाधीशासमोर बंद लिफाफ्यात देईन, आपल्याच देशात. एफबीआयसमोर नाही.

मेघा_टोरांटो

साहेब, हेडलीच्या बाबतीत अमेरिकन अधिकाऱ्यांनीही नेमकं हेच म्हटलं असणार.